बसू दे तिले

"शुक्रवारी बसायचं का?" असा मेसेज मी गजाभाऊला केला, तेव्हा आमची ओळख जेमतेम महिन्याची होती. उत्तर आलं, "अजून बसली नाही. हलल्यामुळं बिघडून आहे. रविवारी येजो."

मी चपापलो. नवराबायकोत काहीतरी झालंय आणि हा माणूस नव्या ओळखीतही मोकळेपणानं सांगतोय, असं समजून मी भलत्याच संकोचानं लिहिलं, "वहिनींना बरं वाटू दे आधी. हवं तर आमची ही बोलेल त्यांच्याशी." लगेच फोन वाजला. पलीकडे आधी नुसतं हसू, मग खोकला, मग आवाज.

"अबे पुणेकर, बायकोले काय झालं? बियर म्हणून राहिलो मी, बियर! काल पबमध्ये पिंप आलं. गाळ खाली बसला नाही अजून. आधी ती बसंल, मंग आपण बसू. उलटं केलं तं दोघांचंही पोट बिघडते."

तेव्हापासून मी त्याचा 'पुणेकर' झालो. मला नाव आहे, ते त्यानं पुन्हा कधी वापरलं नाही.

गजानन उमाळे. नागपूरचा. अमेरिकेत, सिॲटलजवळच्या रेडमंडला एका सॉफ्टवेअर कंपनीत माझ्या टीममध्ये टेस्टर होता. म्हणजे कागदोपत्री मी त्याचा मॅनेजर आणि वयानं तो माझ्याहून चारेक वर्षांनी मोठा. त्याच्याबद्दल लिहायचं तर कधीतरी स्वतःबद्दलही लिहावं लागणार, म्हणून तीन वर्षं टाळलं. आताही एक परिच्छेद झाला की मी उठतो, खिडकीपाशी जातो, पाऊस आहे की थांबला ते बघतो. रेडमंडला त्याचा फार फरक पडत नाही.

बुटका, पोटानं ऐसपैस, थंडी असो वा नसो अंगात मरून स्वेटर. या भागात पावसाला कोणी छत्री घेत नाही. लोक जॅकेटची टोपी डोक्यावर ओढतात आणि पाऊस नसल्यासारखे चालतात. गजाभाऊ लांब दांड्याची काळी छत्री घेऊन बसस्टॉपवर उभा राहायचा. ऑफिसातले गोरे त्याला विचारायचे, लंडनहून आलास का. "लीड्स," तो शांतपणे दुरुस्त करायचा. "लंडन इज फॉर टूरिस्ट."

अमेरिकेत येण्याआधी तो काही वर्षं लीड्सला होता. तिथं एका पबच्या वरच्या मजल्यावर खोली घेऊन राहायचा. पबचा म्हातारा मालक कंबरेनं गेलेला, तळघरात उतरताना कण्हायचा. एकदा गजाभाऊनं त्याच्या हातातला दिवा धरला आणि तिथून पुढं त्याला पिंपांचं जे वेड लागलं ते लागलं. बरोबरीची मुलं शनिवार-रविवारी लंडनच्या मोठ्या घड्याळासमोर फोटो काढायला जायची, हा बसनं गावोगावच्या जुन्या ब्रुअऱ्या पाहत हिंडायचा. यॉर्कशरमध्ये पाटीच्या दगडाचे चौकोनी हौद असतात म्हणे, त्यात बियर आंबत ठेवतात. त्याचं वर्णन तो असं करायचा की समोरच्याला भूक लागावी. "वरती हा एवढा फेस. आणि वास कशाचा? आपल्याकडं जिलबीचं पीठ रात्रभर ठेवतात न, सकाळी झाकण काढलं का जो वास सुटते, तो. मले तं तिथं रडूच आलं बे. नागपूर सोडून सहा महिने झाले होते."

मला बियरमधलं तेव्हा काही कळत नव्हतं. थंड असली की चांगली, एवढंच. इंग्लंडची जुन्या पद्धतीची बियर म्हणजे काय हे मी गजाभाऊकडून शिकलो, तेही अर्धवट. ती पिंपात येते तेव्हा जिवंत असते. यीस्ट आत काम करतच असतं. पिंप आडवं ठेवायचं, दोन्ही बाजूंनी पाचरी मारून पक्कं करायचं. वरच्या भोकात मऊ लाकडाची खुंटी ठोकायची, तिच्यातून वायू सावकाश बाहेर पडतो. तो शांत झाला की टणक लाकडाची खुंटी. गाळ तळाशी जाईपर्यंत पिंपाला बोट लावायचं नाही. मग ती हातपंपानं ग्लासात ओढायची, तळघराइतकीच गार, बर्फासारखी नाही. एकदा सुरू केलं की दोन-तीन दिवसांत पिंप संपवायचं, कारण हवा लागली की ती उतरत जाते. पहिल्या दिवशीची आणि तिसऱ्या दिवशीची चव वेगळी. "माणसासारखी आहे," असं कोणी म्हणालं की गजाभाऊला राग यायचा. "माणसासारखी कायले? बियरसारखी आहे. बियरले बियर राहू द्या न."

आमच्यापासून थोड्या अंतरावर, जुन्या विटांच्या इमारतीत, एक इंग्लिश पब होता. अजून आहे. पाटीवर पाय मुडपलेल्या बदकाचं चित्र, म्हणून गजाभाऊनं त्याचं नाव 'लंगडं बदक' ठेवलं होतं. मालकीण डोरीन, सत्तरीची, यॉर्कशरहून लग्न करून इकडे आलेली, नवरा केव्हाच गेलेला. सगळ्यांना 'लव्ह' म्हणायची. पार्किंगचा दंड लावणाऱ्या पोलिसालासुद्धा. तिचे गुडघे गेले होते आणि पबचा जीव तर तळघरात. खाली जायचा तो काइल नावाचा पोरगेला बारमन, ज्याला पिंप आणि पंक्चर झालेलं चाक यांत फारसा फरक वाटत नसे.

गजाभाऊला तिथं काम करायची परवानगी नव्हती. एच-वन व्हिसावरच्या माणसानं ज्या कंपनीचा व्हिसा तिचंच काम करायचं. दुसरीकडे फुकट केलं तरी ते अंगाशी येऊ शकतं, असं त्याला वकिलानं सांगितलं होतं. मग त्यानं तोडगा काढला. शनिवारी सकाळी तो गिऱ्हाईक म्हणून यायचा, तळघराच्या तिसऱ्या पायरीवर उभा राहायचा आणि दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरायचा.

"काइल, लेफ्ट. लिटल लेफ्ट. अबे लेफ्ट म्हणजे तुझं लेफ्ट! नाऊ हॅमर. नॉट लाइक दॅट, लाइक यू आर नॉकिंग ऑन फादर-इन-लॉज डोअर."

काइल ठोकायचा. गजाभाऊचे खांदे त्याच्या प्रत्येक ठोक्याबरोबर हलायचे, बोटं पाठीमागं एकमेकांत पिळवटायची. पण हात पुढं यायचे नाहीत. मी एकदा म्हटलं, "अरे, इथं तळघरात कोण बघतंय?"

"हात लावला का काम झालं," तो म्हणाला. "तोंडाले व्हिसा लागत नाही."

आणि वर येऊन तो स्वतःच्या देखरेखीतल्या बियरचे पूर्ण पैसे द्यायचा. डोरीन म्हणायची, "ऑन द हाऊस, लव्ह." हा म्हणायचा, "नो, नो. इमिग्रेशन प्रॉब्लेम."

आमच्या टीममधला मंदार, कोथरूडचा, वाढदिवसाला सगळ्यांना तिकडे घेऊन गेला. ग्लास आला. मंदारनं घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "यार, ही तर कोमट आहे. आणि गॅसच नाही." काइलला त्यानं बर्फ मागितला. काइल बिचारा घेऊन आला. मंदारनं दोन खडे ग्लासात सोडले आणि टेबलाभोवतीचं बोलणं थांबलं, कारण गजाभाऊ त्याच्याकडं बघत होता.

"मंदारशेट, चहा पितो तू?"

"हो, म्हणजे काय."

"बर्फ टाकतो?"

"आइस्ड टी असतो की."

गजाभाऊनं तो बर्फाचा ग्लास बाजूला सरकवला. मग डोरीनकडं वळून गंभीरपणे म्हणाला, "सॉरी. ही इज फ्रॉम पुणे. ऑल्सो ही इज फ्रॉम पुणे," असं म्हणून माझ्याकडं बोट. त्यानं मंदारला दुसरा ग्लास आणून दिला आणि सांगितलं, "गप्पा मार. पिऊ नको. अर्ध्या तासानं एक घोट घे." मंदारनं ऐकलं. शेवटी त्यानं तीन ग्लास घेतले आणि घरी मी सोडला त्याला. गाडीत म्हणत होता, "च्यायला, याला काहीतरी चव आहे यार. कळत नाही, पण आहे."

हल्लीच्या अमेरिकन ब्रुअऱ्यांवर मात्र गजाभाऊचा विश्वास नव्हता. जवळच्या एका ब्रुअरीकडून डोरीन आपल्या पद्धतीची बियर भरून घ्यायची, तिथं तो एकदा मला घेऊन गेला. दाढीवाला तरुण मालक, भिंतीवर नळांची रांग, जवळजवळ सगळे नळ 'इंडिया पेल एल' नावाच्या बियरचे. ती इतकी कडू की गजाभाऊनं घोट घेऊन डोळे मिटले. "हे कडुनिंबाचं पाणी आहे. गुढीपाडव्याले एक पान खातो आपण, हे लोक वर्षभर पितात. आणि बिल फाडतात इंडियाच्या नावावर." दाढीवाल्यानं विचारलं, काय म्हणतोय. मी सांगितलं, फार आवडली म्हणतोय. गजाभाऊनं माझ्याकडं नुसतं पाहिलं. अशा खोट्या गोष्टी मला सहज जमायच्या. तेव्हा त्या गमतीच्या वाटायच्या.

त्याच दिवशी त्यांची व्हॅन बंद पडली होती, म्हणून डोरीनचं पिंप मी माझ्या गाडीतून आणलं. पिंपाला पट्टे बांधले होते, गजाभाऊ शेजारी बसून रस्त्यापेक्षा मागंच जास्त बघत होता. पुलावर कोणीतरी मध्ये घुसलं आणि मी कचकन ब्रेक मारला. मागं धाडकन आवाज. मी सॉरी, सॉरी म्हणत राहिलो. वाटलं आता भडकणार.

"हलली," एवढंच तो म्हणाला. थोड्या वेळानं, "तिले सॉरी म्हणून भागत नाही. वेळ द्यावा लागते. बसू दे तिले. शनिवारच्या ऐवजी सोमवारी काढू."

तो चिडत नसे. टीममध्येही नाही. डेव्हलपर घाईघाईत कोड टाकायचे, हा एकेक बग शोधून काढायचा आणि मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत कधी नाव घ्यायचा नाही. टेबलापाशी जाऊन हळूच सांगायचा. पंधरा वर्षं ग्रीनकार्डच्या रांगेत उभा असलेला माणूस. घरी शुभांगीवहिनी कावायच्या. त्यांना रेडमंडचं आभाळ सोसत नव्हतं. "ऑक्टोबरात सूर्य जाते तो थेट जूनमध्ये येते हो भाऊजी, आणि यांचं आपलं तळघर." मुलगी इरा इथंच जन्मलेली, तेव्हा पंधराची, इंग्रजीतून उत्तर द्यायची. "बाबा, इट्स जस्ट बियर." त्यावर हा म्हणायचा, "हाव. अँड मॅथ्स इज जस्ट नंबर्स. बस अभ्यासाले."

आता मला पुढचं लिहायला हवं.

त्या हिवाळ्यात सगळ्याच कंपन्यांत माणसं काढत होते. आमच्याकडं कुजबुज सुरू झाली होती. एका बुधवारी मला वरच्या लोकांनी बोलावलं आणि सांगितलं, तुझ्या टीममधून एक टेस्टर कमी करायचा आहे, कोण ते तू सांग. टेस्टर तीन होते. कामात गजाभाऊ तिघांत उजवा होता हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. मी त्याचं नाव दिलं. कारण म्हणून मी काहीतरी टूल्स, ऑटोमेशन असं बोललो. खरं कारण मी आज पहिल्यांदा लिहितोय: उरलेले दोघे भांडले असते, वरपर्यंत गेले असते, माझ्याकडं बोट दाखवलं असतं. गजाभाऊ भांडणार नाही याची मला खात्री होती. माझं स्वतःचं ग्रीनकार्ड शेवटच्या टप्प्यावर होतं आणि मला कसलाही आवाज नको होता.

सोमवारी सांगायचं ठरलं. तोवर तोंड बंद.

गुरुवारी संध्याकाळी पाऊस जोरात होता, बस चुकली म्हणून तो माझ्या गाडीत बसला. त्याच्या बिल्डिंगसमोर गाडी थांबवली तरी तो उतरेना. छत्री मांडीवर आडवी धरून बसला.

"पुणेकर, एक विचारतो. मॅनेजरले नाही विचारत, तुले विचारतो."

"बोल ना."

"अर्विंगच्या एका कंपनीनं ऑफर देली आहे. उद्या दुपारपर्यंत हो-नाही सांगायचं आहे. शुभा म्हणते, चला. बहीण आहे तिची तिथं. ऊन आहे, आपल्या लोकांची दुकानं आहेत. मले जायचं नाही. टेक्ससमध्ये घरांले तळघर नसते म्हणे." स्वतःच हसला. मग थांबला. "पण इथं काहीतरी हलून राहिलं, असं सगळे म्हणतात. पोरीची शाळा आहे, व्हिसा आहे. मले फक्त एवढं सांग, माझं इथं बसलेलं आहे न?"

वायपर चालू होते. माझ्याकडं उत्तरं होती. "मला यावर बोलता येत नाही," एवढं म्हणालो असतो तरी त्या शहाण्या माणसाला कळलं असतं. "ऑफर सोडू नकोस," हे म्हणायलाही फार वेळ लागला नसता. कंपनीनं तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं हे खरं आहे, पण मी कंपनीला घाबरलो असं म्हणून सुटणार नाही. त्याचा चेहरा माझ्या गाडीत, माझ्या शेजारी, माझ्यादेखत पडू नये, एवढंच मला त्या क्षणी हवं होतं. तो सोमवारी पडला तरी चालणार होता. तिथं टेबल असणार होतं, तिसरं माणूस असणार होतं.

मी म्हणालो, "अरे, बस निवांत."

"पक्कं?"

"निवांत बस रे."

त्यानं मोठा श्वास सोडला. "झालं मंग. कायले जाऊ त्या भट्टीत. शनिवारी नवीन पिंप येऊन राहिलं." दार उघडून त्यानं आधी छत्री बाहेर काढली, उघडली आणि तिच्याखाली उतरला. वाकून काचेतून म्हणाला, "शुभाले आता समजवा लागंल. लय बोलणार आहे ती मले."

शुक्रवारी त्यानं अर्विंगला नाही कळवलं. सोमवारी त्याला मीटिंगला बोलावलं. एचआरच्या बाईंनी स्क्रीनवरून वाचून दाखवलं, मी बाजूला बसून टेबलाकडं बघत होतो. त्या गेल्यावर खोलीत आम्ही दोघंच. मला वाटलं, आता. आता हा विचारेल.

तो उठला, कोपऱ्यातून कागदी पेला भरून आणला आणि माझ्यासमोर ठेवला.

"तुले तरी कुठं माहीत होतं बे," तो म्हणाला. "तोंड पाह्य कसं झालं तुझं. पाणी पी."

मी पाणी प्यालो.

अर्विंगला त्यानं त्याच दुपारी फोन केला. जागा भरली होती. एच-वनवाल्याला नोकरी गेल्यावर दोन महिन्यांत दुसरी मिळवावी लागते, नाहीतर बाड-बिस्तरा. त्या दोन महिन्यांत मी त्याच्यासाठी जेवढे फोन केले तेवढे आयुष्यात कोणासाठी केले नाहीत. फ्रीमाँटला, अर्विंगला, जुन्या ओळखी, मित्रांचे मित्र. झोप उडाली होती. बायको म्हणायची, किती करतोस मित्रासाठी. ते ऐकलं की मी गाडी काढून उगाच फ्रीवेवर फिरून यायचो. सगळीकडं तेव्हा माणसं काढतच होते; घेत कोणी नव्हतं.

एकदा त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं. वहिनींनी पानात वडाभात वाढला, वर फोडणीचं तेल ओतलं आणि ओतता ओतताच विचारलं, "भाऊजी, तुम्हाला खरंच काही कल्पना नव्हती?"

"शुभा!" गजाभाऊचा चढलेला आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "त्याले काऊन विचारते? त्याले माहीत असतं तं त्यानं सांगितलं नसतं का?"

वहिनींनी पुन्हा तेल वाढलं. मी भात कालवत राहिलो. समोर इरा बसली होती, माझ्या हाताकडं बघत म्हणाली, "काका, आर यू ओके? यू आर लाइक, शेकिंग." मी म्हणालो, थंडी वाजतेय. तिनं उठून हीटर वाढवला.

तिकिटं काढली त्या आठवड्यातला शेवटचा शनिवार. मी 'लंगड्या बदका'त पोचलो तेव्हा डोरीन काउंटरमागं नाक पुसत होती. तळघराकडं मान करून म्हणाली, खाली आहे. काइल तिसऱ्या पायरीवर उभा होता आणि गजाभाऊ खाली, बाह्या सरसावून, हातात लाकडी हातोडा. नियमानं ते तेव्हाही चुकीचंच होतं. त्यानं मला पाहिलं आणि म्हणाला, "आता कोण मले काढते?"

त्यानं पिंप स्वतः उचलून लावलं, पाचरी मारल्या, तळव्यानं थोपटून पाहिलं. खुंटी एका ठोक्यात बसवली. मग पिंपाला कान लावून उभा राहिला. आत बारीक सूं असा आवाज येत असतो.  त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येत नाही, कारण मी बघू शकलो नाही. मी काइलच्या बुटांकडं बघत होतो.

"मंगळवारपर्यंत हात लावू नको," त्यानं काइलला बजावलं. इंग्रजीत सांगायचं विसरून गेला होता. काइलनं मान डोलावली. मंगळवारी गजाभाऊ नागपूरला असणार होता. ती बियर त्यानं प्यायली नाही. मीही नाही, मी त्यानंतर तिथं आत गेलोच नाही. समोरच्या पार्किंगमध्ये गाडी लावतो कधीकधी, इंजिन चालू ठेवून बसतो आणि निघतो.

माझं ग्रीनकार्ड त्याच उन्हाळ्यात आलं.

तीन वर्षं तो मला फोन करत राहिला. दिवाळीला, माझ्या वाढदिवसाला, कधी काही नसतानाही. नागपुरात एका छोट्या कंपनीचं घरूनच काम करतो. "इथं बाहेर चव्वेचाळीस आहे, तळघर कुठलं? फ्रीजमधली पितो, दात आंबेपर्यंत थंड. मंदारले सांगू नको, माझी इज्जत जाईल." मी हसायचो. फोन ठेवल्यावर घरभर फिरायचो. दरवेळी ठरवायचो, पुढच्या वेळी सांगायचं.

गेल्या महिन्यात, इकडे शनिवारची संध्याकाळ, तिकडे रविवारची सकाळ, त्याचा व्हिडिओ कॉल आला. बनियनवर, हातात चहाचा कप, केस बरेच पिकलेले.

"पुणेकर, खबर आहे. इरा सिॲटलच्या युनिव्हर्सिटीत लागली. तिकडचीच आहे न ती, तिले कोण अडवते? ऑगस्टमध्ये येईल. होस्टेल मिळेपर्यंत आठ-दहा दिवस तुझ्याकडं राहील. शुभा म्हणते, मोटेल पाहू. मी म्हटलं, येडी का तू? पुणेकर असताना मोटेल कायले?"

मी हो म्हणणार होतो. शब्द तोंडात तयार होता, आणि मला ऑगस्टात आमच्या जेवणाच्या टेबलावर ती दिसली, पुन्हा काका, आर यू ओके विचारणारी.

"गजाभाऊ, मला त्या गुरुवारी माहीत होतं."

"कोणत्या गुरुवारी?"

"गाडीत. पाऊस होता. तू अर्विंगचं विचारलंस. तुला काढणार हे मला तेव्हा माहीत होतं. तुझं नाव मीच दिलं होतं, आदल्या दिवशी."

तो कपाकडं बघत होता. मला वाटलं, आवाज तुटला असेल.

"ऐकू आलं का? परत सांगू?"

"नको," तो म्हणाला.

त्यानं कप कुठंतरी खाली ठेवला. चष्मा काढला, डोळे चोळले, चष्मा तसाच हातात राहिला. मग म्हणाला, "तू म्हणला होता, बस निवांत."

"हो."

"दोनदा म्हणला होता."

"हो."

पुढं मी काहीतरी बोललो. ग्रीनकार्ड, एचआर, मी तुझ्यासाठी किती फोन केले, असलं काहीतरी. बोलता बोलताच लक्षात आलं की समोर कोणी नाही. तो उठून गेला होता. स्क्रीनवर नुसती खुर्ची, मागं अर्धी खिडकी आणि तिच्यात नागपूरचं पांढरं ऊन. आतून कुकरची शिट्टी झाली आणि पाठोपाठ शुभांगीवहिनींचा आवाज आला, "कोणाशी बोलत होते हो?"



"कोणी नाही," गजाभाऊ म्हणाला. "ऑफिसातला होता एक जण."

फोन त्यानं बंद केला नव्हता. मीही केला नाही. खुर्चीवर त्याचा चष्मा राहिला होता. तो घ्यायला तरी परत येईल, म्हणून मी बघत राहिलो. थोड्या वेळानं बांगड्या भरलेला एक हात आला आणि चष्मा घेऊन गेला.